सोमवारची खुर्ची

सोमवारी कॉलेज सुटलं की सकपाळ मॅडम ती खुर्ची ओढायच्या. उचलायच्या नाहीत, ओढायच्या. लोखंडी पायांची खुर्ची, एका पायाचं रबर गेलेलं. फरशीवर असा आवाज निघायचा की माझ्या दातांत कळ जायची. मी पलीकडे मेसच्या स्वयंपाकघरात भाजी चिरत असायचे. मधे अर्धी भिंत आणि वर जाळी, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं. खुर्चीचा आवाज आला की मी पेला धुऊन माठावर ठेवायचे, कारण थोड्या वेळाने कोणीतरी रडत मागच्या पायरीवर येणार हे ठरलेलं असायचं.

मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. सकपाळ मॅडम तिथे रसायनशास्त्र शिकवायच्या आणि 'समान संधी केंद्र' चालवायच्या. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही अशी मुलं, आतल्या गावांतली, खाडीकाठची, ज्यांना वर्गात आडनावावरून ओळखतात अशी, त्यांना पुढच्या मोठ्या शिक्षणात इतरांच्या बरोबरीने जागा मिळावी म्हणून हे केंद्र. सरकारी नियम होता म्हणून कॉलेजने काढलं. माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत मोडकी बाकं ठेवत असत, ती काढून बाहेर पाटी लावली. प्राचार्य पाटी बघायला आले तेव्हा हसत म्हणाले, "संधीला जागा कितीशी लागते, मॅडम?"

"तुम्हाला मिळाली तेवढी द्या, सर," मॅडम म्हणाल्या.

प्राचार्य पुन्हा त्या खोलीकडे आलेले मी पाहिले नाहीत.

मॅडम अंगाने काटकुळ्या. सुती साडी, केस ओढून बांधलेले, इतके की भुवया वर चढलेल्या वाटायच्या. हातात बारा महिने पुरुषी काळी छत्री. ऊन असो नसो, ती उघडून रस्त्याच्या मधोमध चालायच्या. मागून रिक्षावाल्याने हॉर्न मारला तर थांबून वळायच्या आणि त्याच्याकडे इतका वेळ बघायच्या की तोच बिचारा गटाराच्या कडेने रिक्षा काढायचा. दुपारचं जेवण माझ्या ओट्याशी उभ्याने. तांदळाची भाकरी, सुका जवळा आणि हिरवी मिरची. मिरची कडाकड चावायच्या, डोळ्यांत टिपूस नाही. "बसा की, मॅडम," असं मी सुरुवातीला म्हणायचे. मग सोडून दिलं.

आणि त्या कोणाकडे पाणी पीत नसत. स्वतःची बाटली असायची. कोणी पाणी पुढे केलं की म्हणायच्या, "तहान नाही." एकदा मिरची खाता खाता आपणहून म्हणाल्या, "लहानपणी आम्हाला शाळेजवळच्या एका घरी वरून ओंजळीत पाणी ओतायचे. तांब्या लागू नये म्हणून लांबून. अर्धं फ्रॉकवर सांडायचं. तेव्हापासून दुसऱ्याच्या दारात मला तहानच लागत नाही." एवढं बोलून भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि तासाला गेल्या.

आता खुर्चीचं सांगते.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांत शिकायला जायचं तर मुलाखत द्यावी लागते. मॅडम म्हणायच्या, "मार्क तुम्ही घेऊन जाता, पण निवडतात ते तोंड बघून. आणि तुमचं तोंड त्यांना आवडणार नाही." म्हणून दर सोमवारी त्या एकेका मुलीला खुर्चीत बसवून, तिथे होईल त्याहून वाईट अपमान इथेच करून टाकायच्या. पाठ टेकायची नाही. हात मांडीवर. नजर समोरच्याच्या भुवयांवर. 'सॉरी' म्हणायचं नाही. बाकीच्या मुली भिंतीशी बसलेल्या. मी जाळीतून ऐकलेली एक मुलाखत अशी होती.

"नाव?"

"कविता."

"ऐकू आलं नाही. एवढं हळू का? घरी खुडूक कोंबडी बसवून आलीस, तिला जाग येईल म्हणून?"

भिंतीशी बसलेल्या मुली खाली बघायला लागल्या.

"हसा," मॅडम त्यांना म्हणाल्या. "तिकडे हसणार आहेत. तुमचं हसणं तिला आत्ताच पचू दे. हसा!"

मुली हसल्या. आधी बळेच, मग एकीला खरंच हसू आलं. ते जास्त वाईट होतं.

"वडील काय करतात?"

"मुंबईला असतात. वॉचमन आहेत."

"मग तुला कशाला हवंय एवढं शिक्षण? साहेबाची गाडी आली की गेट उघडायचं, एवढंच ना तुमच्या घरात शिकवतात?"

कविताची नजर भुवयांवरून फरशीवर आली.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या. "नाव?"

'पुन्हा' हा त्यांचा आवडता शब्द. मुलगी हुंदका द्यायला लागली की दुसरं वाक्य ठरलेलं, "रडायचं ते बाहेर." मग ती मुलगी मागच्या दाराने माझ्या जांभ्याच्या पायरीवर येऊन बसायची. मी पाणी द्यायचे. तोंड धुऊन ती परत आत जायची आणि भिंतीपलीकडे पुन्हा, "नाव?"

हे बघून मला कधी कधी मॅडमचा राग यायचा. पण कविता पुढे पुण्याला गेली. तिच्यानंतर आणखीही गेल्या. तिकडून फोन आला की त्या सांगायच्या, "मॅडम, त्यांनी विचारलं तसलंच. मला हसूच आलं. तुमच्यापुढे ते काहीच नाहीत." मॅडम फोन ठेवून म्हणायच्या, "बघा."

एकदा दुपारी त्या मला म्हणाल्या, "सुमनबाई, तुम्ही रडणाऱ्या मुलींना पाणी देता?"

"हो, मॅडम. घसा सुकतो त्यांचा."

"देऊ नका. रडलं की पाणी मिळतं अशी सवय लागेल. तिकडे तुमचा माठ नसणार."

मी मान हलवली. मला मोठ्या माणसांपुढे बोलायला जमत नाही. त्यानंतर मी पाणी द्यायचं बंद केलं. पेला भरून पायरीच्या कडेला ठेवायचे आणि पाठ करून भाजी निवडत बसायचे.

मॅडम वाईट होत्या असं नव्हे. पण त्यांचं चांगलं करणंही कोणाला तरी चटका देऊनच व्हायचं. त्यांच्या विभागात एक सर होते. प्रयोग संपले की काचेची भांडी धुवायला ते ठरावीक मुलांनाच थांबवायचे. "तुम्हाला हाताची सवय आहे," असं गोड बोलायचे. ते कोणाला थांबवतात हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मॅडमनी तक्रार केली नाही. त्या सरांची मुलगी मॅडमच्याच वर्गात होती. गोरी, नाजूक, अभ्यासात हुशार. मॅडमनी त्या सत्रात प्रत्येक प्रयोगानंतर सगळ्या वर्गाची भांडी तिला एकटीला धुवायला लावली. रोज सांगायच्या, "तुला हाताची सवय व्हायला हवी. घरी कोणाला नाही वाटतं?" पोरीच्या बोटांना त्या रसायनांच्या पाण्याने भेगा पडल्या. शेवटी सरांनी मॅडमच्या टेबलाशी येऊन हात जोडले, आणि तेव्हापासून भांडी सगळ्यांनी पाळीपाळीने धुवायची असं ठरलं. ते आजही चालू आहे.

ती मुलगी एकदा माझ्याच पायरीवर येऊन रडली होती. मी विचारलं, "बाय, बोटांना खोबरेल देऊ?" ती म्हणाली, "मी काय केलंय, मावशी?" मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिने काहीच केलेलं नाही. त्या मुलांनीही काही केलं नव्हतं." आणि मिरची चावली.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. मुंबईत धंदा करून मोठे झालेले इथलेच एक गृहस्थ केंद्राला लॅपटॉप द्यायला आले होते. मोठा मंडप, हार, फोटोवाला. कार्यक्रमाची रीत अशी की एकेका मुलाला वर बोलवायचं, त्याची घरची परिस्थिती माईकवर सांगायची, लोक चुकचुकणार, मग लॅपटॉप हातात आणि फोटो. मॅडम आधी म्हणाल्या, परिस्थिती सांगायची नाही. प्राचार्य म्हणाले, पाहुण्यांची तशी इच्छा आहे. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. निवेदन मी करते."

माईक हातात घेऊन त्यांनी आधी पाहुण्यांनाच उभं केलं. "आपले प्रमुख पाहुणे. घरची परिस्थिती अत्यंत चांगली. वडिलांची दोन दुकानं. स्वतः बी.कॉम.ला नापास झाले, तरी खचले नाहीत, वडिलांच्या दुकानात बसले. एवढ्या अनुकूल परिस्थितीतून त्यांनी आज जी मजल मारली, तिच्यासाठी टाळ्या."

मागच्या मुलांनी टाळ्याच टाळ्या वाजवल्या. मी चहाचे कप घेऊन कडेला उभी होते. माझ्या हातातला ट्रे हसण्याने वाजायला लागला. पाहुणे लाल झाले. हार काढून टेबलावर ठेवला आणि निघाले. लॅपटॉपचे खोकेही गाडीत परत चढले.

आठवडाभर कॉलेजात मॅडमचंच नाव. पण संध्याकाळी जेवायला बसलेल्या मुलींत एक म्हणाली, "आमची परिस्थिती सांगितली असती तरी चाललं असतं गो. मला प्रोजेक्ट मोबाइलवर टाइप करायला लागतोय." बाकीच्यांनी तिला गप्प केलं. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. छत्री उघडून गेल्या.

मग दर्शना आली.

दर्शना जयगड खाडीच्या काठची. बापाची होडी होती तेव्हा तो समुद्रावर जायचा. होडी गेल्यावर बंदराच्या गेटवर पहाऱ्याला लागला. आई टोपली घेऊन मासळी विकायची. दर्शना सावळी, उंच, दात थोडे पुढे, आणि तोंड असं चालायचं की मेसमध्ये ती बसेल त्या टेबलावर भात जास्त लागायचा. मला म्हणायची, "मावशी, तुमच्या मासळीच्या सांबाऱ्यात मासा कुठला होता ते कळायला आता रसायनशास्त्रच लावायला हवं." खुर्चीला ती घाबरली नाही. ती पायरीवर कधी आलीच नाही.

मॅडमनी तिच्यावर सगळी हत्यारं वापरली.

"अंगाला मासळीचा वास येतो का गं तुझ्या?"

"येतो, सर." खुर्चीत बसलं की मॅडमना 'सर' म्हणायचं असा नियम होता. "तुम्हाला सहन होत नसेल तर खिडकी उघडते. पण प्रयोगशाळेत याहून वाईट वास असतात. तिथे नाक धरलं तर काम कोण करणार?"

"तुमच्यासाठी जागा राखीव असतात. लायक मुलांची जागा खाताना लाज वाटत नाही?"

"माझे मार्क तुमच्या समोरच्या कागदावर आहेत, सर. लायक मुलांचेही असतील. शेजारी ठेवून बघा. मी थांबते."

जाळीतून बघितलं तर मॅडमच्या ओठाचा एक कोपरा हलला होता. त्याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. त्या 'पुन्हा' म्हणाल्या नाहीत.

दर्शनाला मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत संशोधनासाठी जागा हवी होती. परीक्षेत ती वरती आली होती, फक्त मुलाखत उरली. त्या मुलाखतीवर सगळंच होतं. तिच्या काकाने बोटीवर नोकरी असलेल्या मुलाचं स्थळ आणलं होतं. बापाने तिला सांगितलं होतं, "बाय, येकदा जा. जागा गावली तर मी कोनाचा आयकनार नाय. नाय गावली तर मंग माजा काय चालनार नाय, काका ठरवील ता." दर्शनाने हे मला हसत हसत सांगितलं. "मावशी, एक तर डॉक्टर दर्शना, नाहीतर खेडला सासरच्या दुकानात गल्ल्यावर दर्शना."

मॅडम तिला घेऊन स्वतः मुंबईला गेल्या. निघताना मी भाकऱ्या बांधून दिल्या. मॅडम म्हणाल्या, "ही हसत परत येणार आहे, सुमनबाई."

त्या परत आल्या तेव्हा मी माठ घासत होते. मॅडम सरळ केंद्राच्या खोलीत गेल्या. दर्शना बॅगसकट माझ्या पायरीवर बसली. पहिल्यांदाच.

"काय गो झालं? वाईट बोलले?"

"नाही, मावशी."

"मग?"

"चांगले होते," ती म्हणाली. "सगळे चांगले होते. तेच तर झालं."

मग तिने सांगितलं. पाच माणसं होती. मधे एक पांढऱ्या केसांच्या बाई. दर्शना आत जाऊन बसली, पाठ सरळ, हात मांडीवर, नजर भुवयांवर. पहिला घाव कुठून येतो याची वाट बघत. त्या बाई म्हणाल्या, "ये, बाळ. लांबून आलीस ना? जेवलीस का?"

"आणि मला काही सुचेना," दर्शना म्हणाली. "मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, यात काहीतरी खोच असणार. खोच नव्हती, मावशी. त्या खरंच विचारत होत्या. मग माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. त्यांनी पाणी दिलं. बाहेर बसून ये म्हणाल्या. परत बोलावलं, तेव्हाही गोडच बोलल्या. मी परत रडले. विषयाचं एकही उत्तर तोंडातून आलं नाही. सगळं येत होतं मला. सगळं."

मॅडम मागच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"'जेवलीस का' याला उत्तर काय असतं?" त्यांनी विचारलं. सोमवारच्या आवाजातच.

दर्शनाने वर बघितलं. "माहीत नाही, मॅडम. खुर्चीत बसवून कधी कोणी विचारलं नाही."

"मूर्ख," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या. हे त्या कोणाला म्हणाल्या, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. त्या दिवशी छत्री माझ्या ओट्यापाशी राहिली.

पुढे निवड झालेल्यांची नावं लागली. दर्शनाचं नव्हतं. ती गावी गेली. स्थळ पक्कं झालं.

लग्नाआधी काही दिवस मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही माझ्याबरोबर जयगडला चला. तिच्या आईशी बायकांचं बोलणं तुम्ही करा, दर्शनाशी मी बोलते. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत देता येईल. तोवर मी तिला तयार करते." मी सुट्टी टाकली. एसटीत मॅडम खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटत होत्या. मुलाखतीची तयारी करतात तशा.

दर्शनाचं घर उताराला, खाली खाडी. दारापुढच्या खळ्यात सुकत घातलेली मासळी, वर जाळं. दर्शना पडवीत बांगडे साफ करत होती, कोपरापर्यंत हात भरलेले. आम्हाला बघून तिने विळी बाजूला सारली. आई आतून म्हणाली, "कोन गो?" ती म्हणाली, "कॉलेजातली माणसं, आये. मी बघतंय."

मॅडमना वाटलं होतं ती रडेल किंवा भांडेल. दोन्हीला त्यांच्याकडे उत्तर तयार असणार. दर्शनाने हात धुतले, प्लास्टिकची खुर्ची आणली, ओढणीने पुसली आणि पडवीच्या मधोमध ठेवली.

"या, मॅडम. बसा," ती म्हणाली. इतक्या मऊ आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "उन्हातून आलात. फार थकलात ना?"

मॅडम बसल्या. पाठ सरळ. "दर्शना, मी एवढंच सांगायला आले—"

"सांगा हो सावकाश. घाई काय आहे? जेवलात का तुम्ही?"

मॅडमनी मांडीवरचे हात सारखे केले.

"घरी कोण असतं तुमच्याकडे, मॅडम? एकट्याच असता ना? मग आजारी पडलात तर कोण बघतं? इतक्या मुली तुमच्या हाताखालून गेल्या. कोणी येतं का भेटायला?"

ती चिडवत नव्हती. तोंडावर तसा मागमूसही नव्हता. आत जाऊन तिने पितळी तांब्या आणि पेला आणला, पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी मॅडमपुढे धरलं. अगदी जवळ, हाताला हात लागेल असं.

"घ्या. पाणी घ्या."

मॅडम 'तहान नाही' म्हणतील याची मी वाट बघत होते. त्यांनी पेला घेतला. तोंडाशी नेईपर्यंत अर्धं पाणी साडीवर सांडलं. हनुवटी लटपटायला लागली. भुवया, ज्या नेहमी वर चढलेल्या असायच्या, त्या खाली आल्या आणि तो चेहरा मला ओळखू येईना. त्या ढसढसा रडल्या. मी माझं तोंड खाडीकडे केलं.

दर्शनाने तांब्या खाली ठेवला. मग तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हे असं झालं माझं, मॅडम. तुम्ही बाहेर बसला होतात, तुम्हाला दिसलं नसणार. म्हणून दाखवलं."

आणि विळी ओढून ती पुन्हा बांगड्यांना बसली.

आईशी मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं उरलं नव्हतं. दर्शनाचं लग्न झालं. आता ती खेडला एसटी डेपोजवळच्या सासरच्या दुकानात बसते. नवरा बोटीवर. एकदा मी माहेरच्या कामाने गेले असताना भेटले. वह्या, पेनं विकते. मला पैसे देऊ दिले नाहीत. मॅडमचं नाव आमच्यात निघालं नाही.

जयगडहून परतल्यावर मला वाटलं, आता खुर्ची बंद होणार. पुढचा सोमवार आला आणि पलीकडे फरशीवर तोच आवाज आला. थोड्या वेळाने मॅडम दारात.

"सुमनबाई, हात पुसा आणि या. आज तुम्ही विचारायचं."

"मी? मला काय विचारता येणार, मॅडम?"

"जेवलीस का, एवढंच. जसं तुम्ही रोज विचारता तसं. गोड."

मी त्या खोलीत पहिल्यांदाच बसले. खुर्चीत राजापूरकडची एक नवी मुलगी होती, केसांत अबोली माळलेली. मला लाज वाटत होती. तिच्याकडे बघून मी म्हटलं, "लांबून आलीस ना, बाय? जेवलीस का?" ती माझ्याकडे बघून हसली आणि तिचे डोळे भरले. मला वाटलं तिला जवळ घ्यावं.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

मी विचारलं. ती रडली.

"पुन्हा. सुमनबाई, आणखी गोड."

असं ते सगळं वर्ष चाललं. आधी मॅडम तासायच्या, मग मी गोंजारायचं. एखादी मुलगी ढळली नाही की मॅडम मला म्हणायच्या, "तिची आई वारलीय. आईचं विचारा." मी विचारायचे. हळूहळू मुलींचे डोळे भरायचे थांबले. त्या छान हसून म्हणायला लागल्या, "हो, जेवले. धन्यवाद. तुम्ही?" पुढच्या वर्षी ती राजापूरकडची मुलगी मुंबईच्या त्याच संस्थेत गेली. त्याच पांढऱ्या केसांच्या बाई होत्या म्हणे. तेच विचारलं. हिने हसून उत्तर दिलं आणि विषयाला लागली. मॅडमचं बरोबर होतं. हेच मला सहन होत नाही, की त्यांचं बरोबर होतं.

कारण आता ताटात भात वाढताना मी एखादीला म्हटलं, "बाय, आज तोंड का उतरलंय?" तर ती पटकन पाठ सरळ करते आणि माझ्या भुवयांकडे बघते. आज सोमवार आहे का, हे तिला आधी ताडून बघायचं असतं. मी नुसतं वाढते. बोलणं कमी केलंय.

मॅडम निवृत्त झाल्या तो शनिवार होता. सभागृहात निरोप समारंभ. ज्यांनी त्यांना खोली देताना हसून घेतलं ते प्राचार्य, भांडीवाले सर, सगळे बोलले, आणि सगळे इतकं गोड बोलले की मला जेवणानंतरच्या बासुंदीची शिसारी आली. "आमची सावलीच गेली," असं ते सर म्हणाले. मॅडम व्यासपीठावर बसल्या होत्या. पाठ टेकलेली नाही, हात मांडीवर, नजर बोलणाऱ्याच्या भुवयांवर. एकदाही ढळल्या नाहीत. केंद्राची जबाबदारी त्याच सरांकडे दिल्याचं शेवटी जाहीर झालं, तेव्हाही त्यांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी स्वयंपाकघरात आले तर मॅडम मागच्या पायरीवर बसलेल्या. मुली बसायच्या तिथेच. छत्री मांडीवर आडवी. मी पेला धुतला, माठातलं पाणी भरलं आणि त्यांच्यापुढे धरला.

"पाणी घेता का, मॅडम? दमलात आज."

त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. मुली बघतात तसंच.

"आज शनिवार आहे, मॅडम," मी म्हटलं.

त्यांना कळलं. हात पुढे आला. पेल्याला बोटं लागायच्या आत हनुवटी लटपटायला लागली, जयगडला लागली होती तशी. त्यांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि पाठ ताठ केली.

"पुन्हा विचारा," त्या म्हणाल्या.

मला समजेना. त्यांनी सोमवारच्या आवाजात सांगितलं, "विचारा, सुमनबाई. तसंच. गोड."

मी विचारलं. त्यांचे डोळे भरले.

"पुन्हा."

मी विचारत राहिले. माझा हात भरून आला, आवाज चिरकायला लागला, पण त्या थांबू देईनात. तिकडे सभागृहात मांडववाले खुर्च्या एकावर एक रचत होते. शेवटी एकदा मी विचारलं आणि त्या छान हसल्या. डोळे कोरडे ठणठणीत, भुवया पुन्हा जागच्या जागी वर.

"नको. तहान नाही," त्या म्हणाल्या. "धन्यवाद."

मग उठल्या, छत्री उघडली आणि रस्त्याच्या मधोमध उतार उतरून गेल्या.